नेरळ–माथेरान मिनी ट्रेन: आठ जणांची दोन दिवसांची सहल कशी बसवावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: आठ जणांचा गट, चौघं ठाण्याचे, चौघं पुण्याचे. त्यात दोन सत्तरीतली माणसं आणि एक सहा वर्षांचं मूल. दोन दिवस, एक रात्र, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान. नेरळहून माथेरानला मिनी ट्रेननेच जायचं आहे. हॉटेल आधी पाहायचं की गाडी, आणि तिकीट मिळालं नाही तर काय करायचं?

आधी वार ठरवा, मग गाडी, आणि हॉटेल सगळ्यात शेवटी. बहुतेक गट नेमकं उलटं करतात. शनिवारच्या रात्रीची खोली पैसे भरून पक्की करतात आणि शनिवारी सकाळी नेरळच्या खिडकीवर कळतं की रांगेतल्या अर्ध्या लोकांनाही गाडी पुरणार नाही. ही गाडी म्हणजे एक्स्प्रेस नव्हे. दोन फुटी रुळांवरचे पाच-सहा छोटे डबे, त्यात दोन सामान आणि गार्डचे, म्हणजे बसायला उरतात तीन-चारच. एका फेरीला शंभरेक माणसं गेली की गाडी भरली. सुट्टीच्या दिवशी त्या जागांसाठी मुंबई, ठाणे, कल्याण, पुणे असे सगळेच उभे असतात.

शक्य असेल तर सोमवार ते गुरुवार यांतले दोन दिवस धरा. नोकरीमुळे जमतच नसेल, तर रविवारी वर आणि सोमवारी खाली. रविवारी सकाळी एका दिवसात जाऊन येणाऱ्यांची गर्दी असतेच, पण रविवारच्या रात्रीची खोली शनिवारपेक्षा स्वस्त पडते आणि सोमवारी दुपारी खाली येणाऱ्या गाडीला फारशी झुंबड नसते. शनिवार–रविवार हा सगळ्यात वाईट पर्याय, कारण जाताना आणि येताना दोन्ही वेळा सगळ्या जगाबरोबर रांगेत उभं राहावं लागतं. दिवाळीच्या सुट्टीपासून पुढचा पंधरवडा, नाताळचा आठवडा आणि जोडून आलेल्या सुट्ट्या सरळ टाळा. दिवाळीत गुजरातमधून मोठी गर्दी येते. त्या दिवसांत आठ जणांना एकाच फेरीत जागा मिळण्याची आशा धरण्यात अर्थ नाही.

आता हंगाम. पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, नेरळ ते अमन लॉज (माथेरानच्या अलीकडचं स्टेशन) हा भाग बंद असतो. डोंगराच्या कडेनं जाणाऱ्या या रुळाखालची खडी आणि माती पावसानं वाहून जाते, दरडी येतात. 26 जुलै 2005 च्या पावसानं हा मार्ग इतका उद्ध्वस्त केला की गाडी पुन्हा सुरू व्हायला 2007 उजाडलं. 2019 च्या पावसानंतर नेरळहून गाडी सुटली ती थेट 22 ऑक्टोबर 2022 ला. त्यामुळे ‘ऑक्टोबरच्या मध्याला सुरू’ हे वाक्य पक्कं धरू नका. रुळांची कामं लांबली की नोव्हेंबर उजाडतो. मध्य रेल्वेनं गाडी सुरू झाल्याचं जाहीर केलं की मगच तारीख ठरवा. अमन लॉज ते माथेरान ही शटल मात्र एरवी पावसाळ्यातही चालते, आणि गोंधळ इथेच होतो. ‘माथेरानची ट्रेन चालू आहे’ असं कोणी सांगितलं तर नेरळहून की फक्त वरची शटल, हे विचारून घ्या. शटलचा प्रवास जेमतेम वीस मिनिटांचा, अंतर तीन किलोमीटरच्या आत. झाडी छान आहे, पण घाट चढण्याची मजा त्यात नाही.

मूळ प्रवास नेरळ ते माथेरान, सुमारे 21 किलोमीटर, आणि वर जायला साधारण दोन तास चाळीस मिनिटं. नेरळ समुद्रसपाटीपासून चाळीसेक मीटरवर, माथेरान आठशेच्या आसपास. चढ ठिकठिकाणी वीसास एक, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, आणि तोही दात्यांच्या रुळाशिवाय, नुसत्या चाकांच्या घर्षणावर. म्हणूनच वेग ताशी वीस किलोमीटरच्या पुढे जात नाही आणि वळणांवर त्याहून कमी. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशानं आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या पुढाकारानं 1904 ते 1907 या काळात हा मार्ग बांधला गेला आणि मार्च 1907 मध्ये खुला झाला. हे सांगायचं कारण इतकंच की आखणी त्या काळची आहे. वळण घ्यायला जागा नाही तिथे डोंगरालाच वळसा घातला आहे, आणि उशीर हा या गाडीच्या स्वभावात आहे. पहाटेच्या दवानं किंवा पडलेल्या पाल्यानं रूळ ओला झाला की चाकं जागच्या जागी फिरतात, मग रुळावर वाळू टाकून पकड आणावी लागते. एकेरी मार्ग असल्यानं समोरून गाडी येणार असेल तर स्टेशनात थांबणं आलंच. तेव्हा वर पोहोचल्यावर लगेच काही ठरवून ठेवू नका. साडेअकराला पोहोचणारी गाडी बाराला पोहोचली तरी तुमचं काही अडू नये.

सकाळी नेरळहून वर जाणाऱ्या दोन गाड्या असतात, एक नऊच्या थोडी आधी आणि दुसरी साडेदहाच्या सुमारास. परतीच्या दोन्ही दुपारी, तीनच्या आधी आणि चारच्या पुढेमागे. वेळापत्रक हंगामानुसार बदलतं, म्हणून जाण्याच्या आठवड्यात एकदा पडताळून घ्या. आठ जणांनी पहिलीच गाडी धरायची, म्हणजे ती हुकली तर दुसरी हाताशी राहते. दुसरीवर भिस्त ठेवून निघालेल्यांच्या हाती पुढे टॅक्सीच उरते.

तिकिटाची खिडकी गाडीच्या साधारण पाऊण तास आधी उघडते, पण रांग त्याच्या कितीतरी आधी लागते. सुट्टीच्या दिवशी सव्वासातपर्यंत नेरळला हजर असायला हवं, मधल्या वारी पावणेआठ चालतं. ठाण्याच्या चौघांनी पहाटेची कर्जत किंवा खोपोली लोकल धरावी. बदलापूर आणि आसनगाव लोकल इथे उपयोगाच्या नाहीत, पहिली अलीकडे संपते आणि दुसरी कल्याणहून कसाऱ्याकडे वळते. घाईत पाटी न वाचता चढणारे दर वेळी निघतात. पुण्याच्या चौघांसाठी पहाटे सुटणारी सिंहगड एक्स्प्रेस कर्जतपर्यंत, आणि कर्जतहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलनं नेरळ, पंधरा-वीस मिनिटं. पण ही मंडळी आठच्या आधी नेरळला पोहोचणं कठीण. म्हणून रांगेत उभं राहण्याचं काम ठाणेकरांचं. एकाच माणसाला खिडकीवर आठही तिकिटं मिळतील असं गृहीत धरू नका. दोघं रांगेत लागोपाठ उभे राहा, दोघांकडेही रोख पैसे असू द्या, आणि कुठला वर्ग हवा ते आधीच ठरवा. खिडकीवर ‘थांबा हं, विचारतो’ म्हणत फोन लावलात तर मागची माणसं गप्प बसणार नाहीत.

वर्गाबद्दल: सेकंड क्लासमध्ये समोरासमोर बाकं, गुडघ्याला गुडघा. वारा भरपूर, पैसे कमी. फर्स्ट क्लास किंवा काचेच्या छताचा विस्टाडोम डबा जोडलेला असेल तर जागा ऐसपैस, पण भाडं सेकंडच्या कितीतरी पट. माझं मत विचाराल तर सत्तरीतल्या दोघांना आणि त्यांच्या सोबतीला एकाला वरचा वर्ग, बाकीच्यांना सेकंड. काचेच्या छतातून या घाटात विशेष काही जास्त दिसत नाही, कारण बघण्यासारखं सगळं खाली आणि बाजूला आहे. पैसे द्यायचे ते गुडघ्यांच्या सोयीसाठी.

कुठल्या बाजूला बसावं, असं सगळे विचारतात. गाडी इतके वळसे घेते की दरी कधी डावीकडे, कधी उजवीकडे, त्यामुळे एका बाजूसाठी भांडू नका. नेरळहून निघाल्यावर थोडा वेळ मोठ्या रुळांच्या सोबतीनं जाऊन मग गाडी डोंगराकडे वळते. जुम्मापट्टीजवळ रस्ता भेटतो. पुढे माउंट बेरीपाशी घोड्याच्या नालेसारखं वळण आहे, तिथे खिडकीतून आपल्याच गाडीचं दुसरं टोक दिसतं. फोटो काढायचा तर इथे. मग या मार्गावरचा एकुलता एक बोगदा, ‘वन किस टनेल’. नाव ऐकून लोक मोबाईल सरसावतात आणि सरसावेपर्यंत बोगदा संपतो. शेवटी पॅनोरमा पॉइंटच्या बाजूला लागोपाठ वळणं, खाली नेरळची घरं, आणि मग अमन लॉज. खडकात खोदलेल्या भागात कातळ डब्याच्या इतका जवळून जातो की बाहेर काढलेलं कोपर सोलून निघेल. मुलाला खिडकीत बसवा, पण शेजारच्यानं त्याच्या हातावर लक्ष ठेवायचं.

डब्यात शौचालय नाही. अडीच-तीन तासांचा प्रवास आहे, त्यामुळे नेरळलाच सगळ्यांना जाऊन यायला सांगा, खास करून वडीलधाऱ्यांना. त्यांना सकाळच्या चहाचा दुसरा कप टाळायला लावणं हे कठीण काम घरातल्या कोणीतरी धीट माणसानं करावं. वळणांवर डबा हलत राहतो. ज्यांना घाटात मळमळतं त्यांनी निघण्याआधी अर्धा तास गोळी घ्यावी (मुलासाठी डॉक्टरांना विचारून) आणि पोटात थोडंसं काहीतरी असावं. उपाशी पोटी त्रास जास्त होतो, आणि नेरळच्या दोन वडापावांवर तर नक्कीच. गाडी थांबते तिथे माकडं आलीच म्हणून समजा. पिशवीचा आवाज त्यांना ओळखू येतो. खाऊ बंद डब्यात, डबा सॅकमध्ये, आणि सॅक पायाशी.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं तो मुद्दा: तिकिटं आठ न मिळता चार मिळाली तर? हे खिडकीपुढे नव्हे, घरी ठरवायचं. माझी शिफारस अशी. चार मिळाली तर दोघं वडीलधारे, मूल आणि त्याच्या आईवडिलांपैकी एक जण गाडीनं. बाकी चौघं सगळं सामान घेऊन नेरळ स्टेशनाबाहेरून टॅक्सीनं दस्तुरी नाक्यापर्यंत (मोटारी इथवरच जातात) जातील आणि पुढे अमन लॉजहून शटलनं वर. ही मंडळी गाडीच्या आधी पोहोचतात, त्यामुळे खोल्या ताब्यात घेणं आणि जेवणाचं सांगणं हे काम त्यांचं. दुसऱ्या दिवशी परतताना अदलाबदल: काल टॅक्सीनं आलेले चौघं गाडीनं खाली, बाकीचे शटल आणि टॅक्सीनं. आठही जणांना गाडी मिळते आणि कोणी हिरमुसत नाही. एकही तिकीट मिळालं नाही तर सगळेच टॅक्सीनं वर आणि परतीची गाडी धरायची. वर पोहोचल्या पोहोचल्या माथेरान स्टेशनात जाऊन परतीची तिकिटं कधी आणि कशी देतात ते विचारा, हॉटेलवाल्याच्या सांगण्यावर राहू नका.

परतीत पहिलीच, म्हणजे तीनच्या आधीची गाडी धरा. हिवाळ्यात सहाला अंधारून येतं, नंतरच्या गाडीत खालचा टप्पा संधिप्रकाशात जातो आणि पुण्याच्या चौघांचं कर्जतचं पुढचं गणितही बिघडतं. रविवारी परतत असाल तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक शनिवारीच बघून ठेवा.

दस्तुरीबद्दल थोडं सविस्तर, कारण लोक इथेच फसतात. माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदी आहे. 2003 पासून हा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भाग म्हणून अधिसूचित आहे. तुमची मोटार असो की टॅक्सी, दस्तुरी नाक्यावर थांबते. तिथून अमन लॉज स्टेशन काही मिनिटांच्या चालीवर आहे. पण टॅक्सीतून उतरताच ‘स्टेशन लांब आहे’, ‘शटल आज बंद आहे’, ‘आता तिकीट मिळणार नाही’ असं सांगून घोडा गळ्यात मारणारे भेटतात. पर्यटकांची अशी दिशाभूल होते म्हणून मार्च 2025 मध्ये खुद्द माथेरानकरांनीच गाव बंद ठेवलं होतं. कोणाशी वाद न घालता सरळ स्टेशनापर्यंत चालत जा आणि खिडकीवर स्वतः विचारा. शटल खरोखरच नसेल तर बाजारापर्यंत चालायला पाऊण तास, वाट झाडीतली आणि बरीचशी सपाट. घोडा घ्यायचाच असेल तर दरफलक पाहून, कुठून कुठपर्यंत, परतीसह की एकेरी, हे बसण्याआधी ठरवा.

प्रवासी कर माणशी भरावा लागतो, दस्तुरीला किंवा गाडीनं आलात तर माथेरान स्टेशनाबाहेर. पावत्या जपून ठेवा.

वडीलधाऱ्यांच्या वरच्या हिंडण्याची सोय आधी बघा. माणसानं ओढायच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2025 मध्ये दिला, आणि तो योग्यच आहे. ई-रिक्षा आहेत, पण मोजक्या, आणि सकाळ-संध्याकाळ शाळेच्या मुलांचीही त्यांवर गरज असते. म्हणून रिक्षा मिळेलच असं न धरता हॉटेल स्टेशनापासून पाच-सात मिनिटांच्या चालीवर घ्या. ‘निसर्गाच्या कुशीत’ असं लिहिलेलं हॉटेल बहुधा बाजारापासून दीड-दोन किलोमीटर असतं. बुकिंग करताना चारच गोष्टी विचारा: स्टेशनापासून अंतर, खोली कितव्या मजल्यावर, जेवण धरून दर किती, आणि खोली किती वाजता सोडायची. इथे बऱ्याच ठिकाणी खोली सकाळी लवकर सोडावी लागते आणि तुमची गाडी दुपारची, म्हणजे मधले काही तास सामान कुठे ठेवायचं तेही विचारून घ्या. चाकांची बॅग आणू नका. लाल माती आणि दगड यांत चाकं दुसऱ्या फर्लांगालाच दगा देतात, वर हमालाचे पैसे वेगळे. पाठीवरची सॅक, आणि लाल धुळीनं खराब झाले तरी चालतील असे बंद बूट.

पहिल्या दिवशी दुपारी जेवून तास-दीड तास सगळे आडवे व्हा. साडेतीनला निघून शार्लट लेक, इको पॉइंट आणि लुईझा पॉइंट. समोर प्रबळगड दिसतो, सूर्यास्त तिथेच बघा. तलाव गावाच्या पिण्याच्या पाण्याचा आहे, पाण्यात उतरू नका. परतताना रस्त्यांवर दाट झाडीमुळे अंधार लवकर पडतो. माणशी एक टॉर्च हवी, मोबाईलच्या टॉर्चवर राहिलात तर फोटो काढून काढून बॅटरी आधीच संपलेली असते.

दुसऱ्या दिवशी गट तोडा. सगळ्यांनी सगळीकडे जायचं ठरवलं की कोणाचंच धड होत नाही. धडधाकट चौघं पावणेसहाच्या आत पॅनोरमा पॉइंटकडे निघतील. बाजारापासून पाचेक किलोमीटर एका बाजूला, सूर्योदय हिवाळ्यात सातच्या सुमारास. बरोबर पाणी आणि बिस्किटं, कारण तिकडे इतक्या लवकर टपऱ्या उघडलेल्या नसतात. परत यायला साडेनऊ होतात. तोवर बाकीचे चौघं आरामात चहा घेऊन जवळच्या खंडाळा आणि अलेक्झांडर पॉइंटला जाऊन येतील. दहाला सगळे हॉटेलवर, सामान आवरून स्वागतकक्षात, मग बाजारात चिक्की आणि चपला. जेवण साडेबाराला उरकून दीडच्या आत परतीच्या तिकिटासाठी दोघं स्टेशनात.

पैशांसाठी एकच खजिनदार नेमा आणि निघण्याआधी सगळ्यांकडून सारखी रक्कम घ्या. टॅक्सी, हमाल, घोडा, प्रवासी कर, चहा हे सगळं सुट्या पैशांचं काम. नेटवर्क गेलं की यूपीआय अडतं आणि एटीएमसमोर सुट्टीच्या दिवशी रांग असते, म्हणून शंभर आणि पन्नासच्या नोटा घरूनच. आठ जणांच्या टॅक्सीला दोन गाड्या लागतात. नेरळला पूर्ण टॅक्सी ठरवताना सामानाचे वेगळे पैसे घेणार का, हे बसण्यापूर्वी विचारा. कर्जतहून नेरळमार्गे दस्तुरीपर्यंत एसटीची मिनीबसही आहे, पण फेऱ्या थोड्या असतात. ती सुटताना समोर दिसली तरच धरा, तिच्यासाठी ताटकळत बसू नका.